शेत विकून भावाला 'विचाराने चालवणारं मशीन' बसवू का?

पत्र:
नमस्कार. आम्ही कराडजवळच्या गावात राहतो. माझा धाकटा भाऊ २६ वर्षांचा आहे. दीड वर्षापूर्वी हायवेवर बाइक घसरली आणि मणक्याला मार लागला, डी९ म्हणजे छातीमागचा नववा मणका फ्रॅक्चर, ऑपरेशन झालं, डिस्चार्ज पेपरवर 'एशिया ए' लिहिलंय. कंबरेखाली काही कळत नाही, पण रात्री पाय आपोआप उडतात, आई म्हणते जीव येतोय. मध्यंतरी त्याने एक रील बघितली, त्यात परदेशातला माणूस डोक्यात मशीन बसवून नुसत्या विचाराने चालतोय. तेव्हापासून फिजिओ बंद, म्हणतो मशीन बसवल्यावर बघू. व्हीलचेअरवर दारात पण यायला तयार नाही. ओळखीतून एक एजंट भेटला. परदेशात नेऊन मणक्यात स्टिम्युलेटर, म्हणजे करंट देणारं मशीन, आणि सोबत स्टेमसेल, सगळं मिळून ३८ लाख, आणि महिनाअखेर ५० हजार भरून बुकिंग करा म्हणतो. वडील दीड एकर बागायत विकायला निघालेत. हे खरं आहे का? काय करू?

उत्तर:
ताई, शेत विकू नका. हे आधीच सांगून टाकते, कारण महिनाअखेर जवळ आलीये आणि तुम्ही पुढचं वाचेपर्यंत वडील तलाठ्याकडे जाऊन यायचे.

आता रीलबद्दल. ती खोटी नाहीये, आणि भावाला "असलं काही नसतं रे" म्हणून गप्प करू नका, कारण तो बरोबर आहे आणि तुम्ही चूक ठरलात की पुढचं काहीच ऐकणार नाही तो. बहुतेक त्याने पाहिलेला माणूस म्हणजे गर्ट-यान ओस्कम, नेदरलँड्सचा. २०११ मध्ये चीनमध्ये असताना सायकलचा अपघात झाला आणि मानेत मज्जारज्जूला मार लागला. स्वित्झर्लंडमध्ये लोझानला ग्रेग्वार कुर्तीन नावाचे शास्त्रज्ञ आणि जोसलिन ब्लॉक नावाच्या न्यूरोसर्जन अशी जोडी कित्येक वर्षं यावरच काम करतेय, त्यांनी २०२३ च्या मे महिन्यात ही केस 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात छापली. केलं काय तर कवटीच्या हाडाच्या दोन गोल चकत्या काढून त्या जागी दोन इम्प्लांट बसवले, प्रत्येकात ६४ इलेक्ट्रोड, मेंदूच्या आत घुसवलेले नाहीत, वरच्या आवरणावर टेकलेले. माणूस मनात पाय उचलायला गेला की मेंदूच्या त्या भागात जी हालचाल होते ती हे पकडतात, डोक्यावरच्या हेडसेटमधून ती सोबतच्या छोट्या कॉम्प्युटरला जाते, तो ओळखतो की याला आता डावा गुडघा वाकवायचाय, आणि तसा हुकूम पोटात बसवलेल्या पेसमेकरसारख्या डबीला देतो, जी मणक्यात खाली ठेवलेल्या १६ इलेक्ट्रोडच्या पट्टीतून करंट सोडते. सगळं वायरलेस. मला स्वतःला यातलं सगळ्यात भारी वाटतं ते ओस्कमने सांगितलेलं, की आधीच्या स्टिम्युलेटरवर मशीन त्याला चालवायचं आणि आता तो मशीनला चालवतो.

हो, *आधीच्या* स्टिम्युलेटरवर. ही गोष्ट रीलमध्ये येत नाही. या माणसाचा मज्जारज्जू पूर्ण तुटलेला नव्हता. डोक्यातलं मशीन बसवायच्या कित्येक वर्षं आधी तो याच टीमच्या दुसऱ्या ट्रायलमध्ये होता, मणक्यातला स्टिम्युलेटर त्याच्याकडे होताच, महिनोन्महिने घाम गाळून तो वॉकर धरून पावलं टाकण्यापर्यंत आला होता आणि तिथेच अडकला होता, पुढे काही सरकेना. मग त्याच्यावर हा पुढचा प्रयोग झाला. आणि काय मिळालं? जिना चढता आला, खडबडीत जागेवर चालता आलं, मशीन बंद केल्यावरसुद्धा कुबड्या घेऊन थोडं चालता यायला लागलं. चांगल्या दिवशी शंभरेक मीटर चालतो असं त्याने सांगितलं होतं. एकदा घरात कशाला तरी रंग लावायचा होता आणि मदतीला कुणी नव्हतं, तर त्याने वॉकर आणि रंगाचा डबा घेतला आणि उभं राहून स्वतः रंगवलं. बारा वर्षांनी! मला ही गोष्ट लाख रील्सपेक्षा मोठी वाटते, पण शंभर मीटर म्हणजे तुमच्या घरापासून किती लांब ते एकदा मोजून बघा, आणि असा माणूस उरलेला दिवस कशावर काढत असेल तेही भावाला विचारा. शिवाय डोक्यातल्या दोनपैकी एक इम्प्लांट काही महिन्यांत इन्फेक्शन झाल्यामुळे काढावा लागला, तेही रीलमध्ये नसतं.

आता तुमच्या भावाचं. रात्री पाय उडतात त्यावर आई म्हणते जीव येतोय, आणि डॉक्टर "तो नुसता स्पॅझम आहे" म्हणून पुढचा पेशंट बोलावतात. दोघांचं अर्धं अर्धं बरोबर आहे. असं समजा की गावाला येणारी मेन लाइन वर कुठेतरी तुटलीये पण गावातली डीपी आणि घराघरातलं वायरिंग शाबूत आहे. चालण्याची पावलं टाकायचं बरंचसं काम मेंदू करतच नाही, मज्जारज्जूचा खालचा जाडसर भाग, साधारण शेवटच्या डॉर्सल (छातीमागच्या, 'डी') मणक्यांपासून पहिल्या लंबरपर्यंत (कंबरेचा, 'एल'), तिथल्या पेशींचं जाळं ते करतं, मेंदू फक्त चल, थांब, वळ सांगतो. भावाला मार लागलाय डी९ ला, म्हणजे त्या जाळ्याच्या वर. पाय उडतात म्हणजे खालची डीपी जिवंत आहे, फक्त वरून हुकूम येत नाही म्हणून ती आपल्या मनाने ठिणग्या सोडते. म्हणजे आईला सांगा, हा सुधारणा होत असल्याचा पुरावा नाही. पण ज्यांना डी१२ किंवा एल१ ला मार लागून पाय कायमचे लुळे, बारीक, स्पॅझम अजिबात नाही असं होतं, त्यांच्यात ते जाळंच गेलेलं असतं आणि मग हे मणक्यातलं स्टिम्युलेशन जिथे काम करणार ती जागाच उरत नाही. तुमच्या भावाचं तसं दिसत नाही. निदान कागदावर तरी दार बंद नाहीये.

पण 'एशिया ए' आहे ना. एशिया म्हणजे मज्जारज्जूची इजा किती ते ठरवणारा ग्रेड, आणि 'ए' म्हणजे कम्प्लीट, खाली ना हालचाल ना संवेदना. मणक्यातला करंट पायाला थेट ढकलून चालवत नाही, तो पायाकडून येणाऱ्या संवेदनेच्या नसा जागवतो आणि त्यामुळे झोपलेल्या पेशी इतक्या तयार होतात की वरून आलेला क्षीण हुकूमसुद्धा त्यांना पुरतो. हुकूम येतच नसेल तर? अमेरिकेत लुइव्हिलला २०१८ मध्ये चार जणांवर काम झालं, सगळे हालचालीच्या दृष्टीने कम्प्लीट. त्यातले दोघं जमिनीवर चालले, वॉकर वगैरे धरून, आणि ते दोघंही असे होते ज्यांना खाली थोडी का होईना संवेदना होती. ज्यांना तीही नव्हती ते उभे राहिले, ट्रेडमिलवर थोडी पावलं टाकली, पण जमिनीवर चालणं नाही जमलं. आणि चालले त्यांनी किती मेहनत केली बघा, एकाची ८५ आठवड्यांत २७८ सेशन्स, दुसऱ्याची १५ आठवड्यांत ८१. पुढे २०२२ मध्ये लोझानवाल्यांनी तीन पूर्ण कम्प्लीट पेशंट घेतले, त्यात मिशेल रोकाती नावाचा इटालियन, बाइकच्याच अपघातातला. मशीन चालू केल्यावर एका दिवसात तिघांनीही आधार घेऊन पावलं टाकली, पुढे काही महिन्यांच्या ट्रेनिंगनंतर बाहेर वॉकर घेऊन फिरले. तेव्हा त्यात डोक्यातलं काही नव्हतं, टॅबलेटवर प्रोग्रॅम निवडायचा आणि वॉकरवरचं बटण दाबलं की पाऊल. त्या वेळी त्यांनी मणक्यातली पट्टी मुद्दाम नवीन बनवून घेतली होती, कारण बाजारात मिळणारी पट्टी ही दुखणं कमी करायला बनलेली असते, ती पाय आणि धड दोन्हीकडच्या सगळ्या नसांपर्यंत नीट पोचत नाही.

एजंटला इथेच पकडा. त्याला विचारा की पट्टी कुठली. बहुतेक तो जी बसवणार म्हणतोय ती दुखण्याचीच असणार, ती आपल्याकडे पण मोठ्या हॉस्पिटलात पाठदुखीच्या पेशंटना बसवतात, त्यात काही नवल नाही. बसवायला तीनेक तास लागत असतील, पण कुठला इलेक्ट्रोड कुठल्या क्षणी चालू करायचा याचं सॉफ्टवेअर, ते रोज बसून भावाच्या पायावर जुळवणारी टीम, आणि मग ती शे-दोनशे सेशन्स, हे त्या ३८ लाखांत कुठे आहे? पंधरा-वीस दिवसांत परत पाठवतात आणि पुढे कराडमध्ये ते मशीन अ‍ॅडजस्ट करायला कुणाकडे नेणार? आणि डोक्यातून मणक्यात हुकूम देणारं जे रीलमध्ये आहे ते तर आज जगात कुठेच विकत मिळत नाही, ते फक्त संशोधनात आहे. अशा खऱ्या ट्रायलमध्ये सहसा मशीनचे पैसे पेशंटकडून घेत नाहीत, उलट तेच पारखून घेतात की तुम्ही बसता का. म्हणून "जागा शिल्लक आहे, महिनाअखेर बुकिंग करा" हे ऐकलं की माझे कान टवकारतात. ट्रायलमध्ये जागा बुक होत नसते हो.

स्टेमसेलचं तर विचारूच नका. आपल्या आयसीएमआरच्या, म्हणजे सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या गाइडलाइन्समध्ये सरळ लिहिलंय की रक्ताचे काही आजार सोडले तर स्टेमसेल ही ट्रीटमेंट म्हणून द्यायचीच नाही, द्यायची तर रीतसर ट्रायलमध्ये. परदेशात नेऊन दिली म्हणून ती सिद्ध होत नाही, आणि दोन्ही एकत्र दिल्यावर चुकून थोडा फरक पडलाच तर कशाने पडला ते देवालाच ठाऊक.

एजंट कदाचित अमेरिकन मंजुरीचा कागद पण दाखवेल. तो ओळखून ठेवा. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने एका मशीनला मंजुरी दिलीये, ऑपरेशन नाही, मानेवर कातडीवरून करंट देतात, पण ती मानेच्या इजेत *हात* सुधारण्यासाठी आहे आणि तीही इनकम्प्लीट पेशंटला. तुमच्या भावाचे हात ठणठणीत आहेत. न्यूरालिंकचं, म्हणजे मेंदूत चिप बसवणाऱ्या अमेरिकन कंपनीचं, नाव घेतलं तर त्यातला २०२४ चा पहिला पेशंट विचाराने कॉम्प्युटरचा कर्सर हलवतो, पाय नाही. बाकी नवीन बातम्या येत राहतीलच, प्रत्येक वेळी दोनच गोष्टी बघायच्या, पेशंट कम्प्लीट होता का आणि मार कुठल्या लेव्हलला होता. अर्ध्या बातम्या तिथेच गळतात.

आता मला ज्याची खरी काळजी वाटली त्यावर येते, आणि ती ३८ लाख नाहीत. फिजिओ बंद केलंय हे. ताई, त्या लुइव्हिलच्या चार जणांपैकी एकाचं खुब्याचं हाड ट्रेनिंगच्या पहिल्याच आठवड्यात मोडलं. मशीन बरोबर होतं, हाड तयार नव्हतं. पायावर वजन न घेता माणूस राहिला की पायांची हाडं झपाट्याने पोकळ होत जातात, पहिल्या एक-दोन वर्षांत तर फारच, आणि तुमचा भाऊ नेमका त्याच काळात आहे आणि झोपून आहे. उद्या समजा लोझानवरूनच फोन आला, तरी ते सगळ्यात आधी काय बघतील? कुठे बेडसोअर आहे का, कारण उघडी जखम असलेल्याच्या अंगात कुणी मशीन बसवणार नाही. लघवीचं इन्फेक्शन सारखं होतंय का. घोट्याची शीर आखडून पाऊल खाली लोंबायला लागलंय का, कारण ते आखडलं की पाय टेकतच नाही, मग जगातली कुठलीही बॅटरी लावा. गुडघे सरळ होतात का. म्हणजे भाऊ म्हणतो मशीन आल्यावर फिजिओ बघू, तर फिजिओ सोडलं तर मशीन आल्यावर त्याला घेणारच नाहीत. हे त्याला असंच्या असं वाचून दाखवा, गोड करून सांगू नका, २६ वर्षांचा आहे तो.

फक्त उद्या सकाळी धरून उभं करू नका हं, प्लीज. दीड वर्षात किती उभा राहिलाय माहीत नाही, आधी हाडांची डेक्सा स्कॅन करून घ्या, मग फिजिओच्या देखरेखीखाली टिल्ट टेबल, मग स्टँडिंग फ्रेम, तिथून पुढे कॅलिपर (पाय ताठ धरणाऱ्या आधाराच्या पट्ट्या) लावून पॅरलल बारमध्ये. डी९ च्या पोराला कॅलिपर आणि वॉकरवर थोडं चालता येऊ शकतं, दमछाक होते, दिसायला रीलसारखं दिसत नाही, पण येतं. स्पॅझम फार असतील तर त्याच्या गोळ्या डॉक्टर देतात, त्या स्वतःच्या मनाने चालू-बंद करायच्या नाहीत. आणि स्पॅझम अचानक वाढले तर आधी "जीव येतोय" नको, आधी कॅथेटर तुंबलंय का, लघवी गढूळ आहे का, कुठे जखम झालीये का ते उघडून बघा, खालून दुखणं कळत नाही ना, मग शरीर असंच ओरडतं.

एक चांगलं काम करा, एशिया परत करून घ्या. तो 'ए' डिस्चार्जच्या वेळचा आहे, नवीन जखमेच्या काळातला, आणि नंतर काहींमध्ये तो बदलतो. दीड वर्षानंतरचा ग्रेड पक्का समजायचा. गुदद्वाराजवळची संवेदना तपासल्याशिवाय तो ठरतच नाही, त्यामुळे नुसतं पायाला टाचणी टोचून कुणी कागद भरला असेल तर तो कागद ग्राह्य धरू नका. 'ए' आणि 'बी' (हालचाल नाही पण खाली थोडी संवेदना आहे) मध्ये काय फरक पडतो ते वर त्या चार जणांत पाहिलंच तुम्ही. यासाठी मुंबईत हाजी अलीजवळ केंद्र सरकारचं ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन आहे, कॅलिपर वगैरेचं काम पण तिथे होतं, खासगीच्या मानाने खर्च कमी. लांब जायची तयारी असेल तर दिल्लीत वसंत कुंजचं इंडियन स्पायनल इंजुरीज सेंटर आणि वेल्लोरच्या सीएमसीचं रिहॅब, तिथे पेशंटला राहून सगळं शिकवतात, बेडवरून खुर्चीत उडी कशी घ्यायची इथपासून. तिथेच ट्रायलचं विचारून ठेवा. भारतात जी ट्रायल चालू असेल ती सीटीआरआय नावाच्या सरकारी रजिस्ट्रीवर दिसते, फुकट बघता येते, एजंट लागत नाही. दिव्यांगाचं यूडीआयडी कार्ड अजून काढलं नसेल तर तेही याच धावपळीत उरकून टाका.

अजून एक, आणि हे जरा नाजूक आहे. २००४ मध्ये अमेरिकेत मज्जारज्जूची इजा झालेल्या ६८१ लोकांना विचारलं होतं की तुमचं कुठलं एक काम परत मिळालं तर आयुष्य सगळ्यात जास्त सुधारेल. ज्यांचे हात गेले होते त्यांनी हात सांगितले. तुमच्या भावासारख्या, फक्त खालचा भाग गेलेल्यांनी सगळ्यात जास्त वेळा काय सांगितलं? चालणं नाही, लैंगिक आयुष्य. लघवी-शीवरचा ताबा पण वर होता. २६ वर्षांचा मुलगा बहिणीला आणि आईला हे थोडंच सांगणार आहे, तो म्हणणार मला चालायचंय, कारण ते बोलता येतं. या गोष्टींवर आज, आत्ता, कुठल्याही मशीनशिवाय इलाज आहेत, मूल होण्यासाठी सुद्धा, आणि रिहॅबच्या डॉक्टरांना हे प्रश्न रोजचे आहेत. तुम्ही विचारू नका. त्याला डॉक्टरसोबत एकट्याला अर्धा तास बसू द्या, तुम्ही सगळे बाहेर थांबा, इतकंच. आणि जमलं तर त्याच्यासारख्याच एखाद्या व्हीलचेअरवरच्या, नोकरी-धंदा करणाऱ्या माणसाशी गाठ घालून द्या. आम्ही फिजिओ लोक तासभर बोलून जे होत नाही ते असा माणूस चहा पिता पिता करून जातो. व्हीलचेअरवर बसलो म्हणजे हरलो हे जे त्याच्या डोक्यात बसलंय ते तुमच्या-माझ्या बोलण्याने जाणार नाही.

वडिलांना मात्र तुम्हीच सांगा, हिशोबाने सांगा. कॅथेटर, गाद्या, औषधं, फिजिओ, वर्षातून एकदा सोनोग्राफी, हे सगळं आयुष्यभराचं आहे आणि ते त्या दीड एकरातूनच निघणार आहे. काही वर्षांनी खरंच काही विकत मिळण्यासारखं आलं तर तेव्हा विकायला शेत असलं पाहिजे ना.

राहिला एजंट. त्याच्याकडून हे लेखी मागा: मशीनचं नाव आणि कंपनी, डी९ एशिया ए असलेले किती पेशंट त्यांनी केले आणि वर्षानंतर त्यांचं काय, इन्फेक्शन होऊन मशीन काढावं लागलं तर खर्च कुणाचा, आणि भारतात परत आल्यावर प्रोग्रॅमिंग कोण करणार. फोनवर नको, व्हॉट्सअ‍ॅप व्हिडिओ नको, लेटरहेडवर. माझा अंदाज आहे की तो फिरकणार नाही. ५० हजार अजून दिले नसतील तर देऊ नका, दिले असतील तर पावती, चॅट, ट्रान्स्फरचा स्क्रीनशॉट सगळं जपून ठेवा, लेखी परत मागा आणि टाळाटाळ केली तर ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार टाका.